एका हाताची लय दुसऱ्या हाताला ओढते: बिघाड कुठे आहे ते ओळखा, मग दुरुस्त करा

उजवा हात जलद झाला की डावाही नकळत जलद होतो. डाव्यानं दोन आणि उजव्यानं तीन ठोके द्यायचे असं ठरवून सुरुवात करावी, तर दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनातच दोन्ही हात एकावर एक पडायला लागतात. एक हात हलका ठेवायचा असतो, पण दुसऱ्यानं जोर धरला की हाही तितक्याच जोरात आपटतो. पेटीवर उजव्या हातानं तान घेतली की भात्याचा हात तानेच्या तालावर हिसके मारू लागतो. यातलं सगळ्यात वैतागाचं म्हणजे हात सुटे असताना दोन्ही अगदी बिनचूक चालतात. रियाज करून जमलं असं वाटतं, आणि लय जरा चढवली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘डावा हात कच्चा आहे, त्याचा रियाज वाढव’. मला तो बहुतेक वेळा ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असा वाटतो. एकटा असताना जो हात नीट चालतो तो कच्चा नसतो. बिघाड दोन हातांच्या जोडणीत असतो. ही जोडणी भक्कम आहे, रोजच्या बहुतेक कामांत उपयोगाची आहे आणि ती तोडून टाकता येत नाही. पण तिला नवा आकृतिबंध शिकवता येतो, आणि दुरुस्तीचा सगळा भर तिथेच हवा.

आधी तीन तपासण्या

पहिली तपासणी एकेका हाताची. मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) त्याच लयीवर ठेवा, ज्या लयीत दोन्ही हात एकत्र आल्यावर घोटाळा होतो. आधी फक्त उजवा, मग फक्त डावा, प्रत्येकी मिनिटभर वाजवा आणि फोनवर रेकॉर्ड करा. वाजवताना कानावर विसंबू नका, कारण लक्ष हातात अडकलेलं असतं. रेकॉर्डिंग नंतर शांतपणे ऐका. एखादा हात एकटा असतानाच डगमगत असेल तर आधी त्या हाताचं काम करा, पुढचं सगळं त्यानंतर. दोन्ही हात एकटे स्थिर असतील आणि एकत्र आल्यावरच बिघडत असतील, तर दोष जोडणीचा आहे.

दुसरी तपासणी: दोन्ही हात चालू असताना एक हात अचानक उचला आणि दुसरा चालूच ठेवा. उरलेला हात अडखळला, थांबला किंवा त्याची लय बदलली, तर तो स्वतःच्या मात्रेवर चाललेला नव्हता, दुसऱ्याच्या आधारानं चालला होता. ही तपासणी दोन्ही बाजूंनी करा. पुष्कळदा असं दिसतं की उजवा काढून घेतल्यावर डावा कोसळतो, पण डावा काढून घेतल्यावर उजव्याला काहीच होत नाही. म्हणजे कोण कोणाला ओढतोय ते कळलं.

तिसरी: कामं बदला. उजव्याचं डाव्याला द्या, डाव्याचं उजव्याला. तीनास दोन (एका हाताचे तीन ठोके, तेवढ्याच वेळात दुसऱ्याचे दोन) अशा प्रकारात जलद बाजू सरावाच्या हाताकडे असेल तर उजव्या हातानं लिहिणाऱ्यांना सहसा सोपं जातं. अदलाबदलीनंतर त्रास एकदम कमी झाला तर निम्मा प्रश्न फक्त कामाच्या वाटणीचा होता. जिथे वाटणी तुमच्या हातात आहे तिथे ती बदलून मोकळे व्हा. त्यात कमीपणा काही नाही.

हे होतं कशामुळे

दोन्ही हातांच्या तर्जनी टेबलावर टेकवा. दोन्ही बोटं एकाच वेळी उजवीकडे, मग एकाच वेळी डावीकडे, अशी समांतर हलवा. हळू सुरू करा आणि वेग वाढवत न्या. एका ठराविक वेगाला बोटं तुमची परवानगी न घेता बदलतात आणि आरशातल्यासारखी चालू लागतात: दोन्ही आत, दोन्ही बाहेर. आता उलट करून पाहा. आरशाच्या पद्धतीनं सुरू करून वेग कितीही वाढवा, बोटं समांतर होत नाहीत. वेग पुन्हा कमी केला तरी ती आपणहून समांतर पद्धतीकडे परतत नाहीत.

जे. ए. स्कॉट केल्सो यांनी १९८४ मध्ये हा प्रकार मोजमापांसह मांडला, आणि १९८५ मध्ये हाकेन, केल्सो आणि बुन्झ या तिघांनी त्याचं गणित दिलं. त्या गणितातली शिकणाऱ्याच्या कामाची गोष्ट अशी: हळू लयीत दोन हातांना दोन स्थिर जागा उपलब्ध असतात, एकदम पडणं आणि आळीपाळीनं पडणं. लय वाढली की दुसरी जागा नाहीशी होते आणि एकच उरते. म्हणजे वाढत्या लयीत हात एकत्र पडायला लागले तर तो आळस किंवा निष्काळजीपणा नसतो. ज्या जागेवर तुम्ही उभे होता ती जागाच त्या वेगाला नाहीशी झालेली असते.

याच प्रयोगांच्या मालिकेतून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि रियाजाच्या दृष्टीनं मला ती सगळ्यात मोलाची वाटते. बदल व्हायच्या आधी डगमग वाढते. हात एकदम कोसळत नाहीत. त्याआधी दोन ठोक्यांमधलं अंतर कमी-जास्त होऊ लागतं, आणि मधेच धक्का बसला तर सावरायला जास्त वेळ लागतो. रेकॉर्डिंगमध्ये ही डगमग स्पष्ट ऐकू येते. ती ऐकू येऊ लागते तीच तुमची खरी हद्द. कोसळण्याचा वेग ही हद्द नव्हे, तो तिच्या बराच पलीकडे असतो.

शरीराकडून पाहिलं तर उजव्या हाताला हुकूम मुख्यतः मेंदूच्या डाव्या अर्ध्याकडून येतो आणि डाव्या हाताला उजव्या अर्ध्याकडून. हे दोन्ही अर्धे कॉर्पस कॅलोसम नावाच्या जाड मज्जातंतूंच्या पट्ट्यानं जोडलेले आहेत. एका हाताचा हुकूम सुटतो तेव्हा त्याचे पडसाद दुसऱ्या बाजूलाही उमटतात. एक हात लयीत हलत असताना दुसरा हात पूर्ण स्थिर ठेवला तरी त्याच्या स्नायूंकडे जाणाऱ्या मार्गांची उत्तेजनक्षमता बदलत असते. आपण त्याला ‘हलू नकोस’ म्हणून धरून ठेवलेलं असतं, एवढंच.

पण सगळं खापर नसांवर फोडता येत नाही. १९९० मध्ये श्मिट, कॅरेलो आणि टर्वी यांनी दोन माणसांना शेजारी बसवून एकमेकांकडे बघत पाय हलवायला सांगितलं. वेग वाढल्यावर विरुद्ध लयीत हलणारे पाय एका लयीत आले. इथे मेंदू दोन होते, मधे एकही नस नव्हती, जोडणी होती ती फक्त नजरेची. म्हणून शिकताना समोर बसलेल्या माणसाच्या हातांकडे टक लावून बघत असाल आणि त्यामुळेच हात ओढले जात असतील, तर नजर बाजूला घ्या आणि कानानं घ्या. साधा उपाय आहे, पण सुचत नाही.

आता ओढ कोणत्या प्रकारची आहे ते ठरवायला हवं, कारण प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे आणि एकीचा उपाय दुसरीला लावला की काहीच हाती लागत नाही.

वेळेची ओढ

सगळ्यात जास्त छळणारी हीच. दोन हातांचे ठोके वेगवेगळ्या संख्येचे असतात आणि ते एकमेकांवर येऊन बसतात.

इथली नेहमीची गैरसमजूत अशी की प्रत्येक हाताचं स्वतःचं घड्याळ हवं, दोन्ही मनात एकाच वेळी मोजता आली पाहिजेत. तसं करायला गेलं की लक्ष इकडून तिकडे उड्या मारतं आणि ज्या हाताकडे लक्ष नसतं तो ओढला जातो. दोन लयी वेगळ्या मोजूच नका. दोन्ही मिळून जी एकच ओळ तयार होते ती शिका.

तीनास दोन घ्या. एक ते सहा सारख्या अंतरानं मोठ्यानं म्हणा. उजवा पडतो एक, तीन, पाचवर. डावा पडतो एक आणि चारवर. दोन आणि सहा मोकळे. म्हणजे आवर्तनाची ओळ झाली: दोन्ही, मोकळी, उजवा, डावा, उजवा, मोकळी. मेट्रोनोम १२० वर (मिनिटाला १२० ठोके) ठेवा आणि प्रत्येक ठोक्याला एक आकडा म्हणा. एक आवर्तन ३ सेकंदांचं होतं, उजवा मिनिटाला ६० आणि डावा ४० ठोके देतो. हे हातानं वाजवायच्या आधी तोंडानं पक्कं करा. मग मांडीवर. मग वाद्यावर. मोजणी सोडायची घाई करू नका. ओळीचा आवाज कानात बसला की आकडे आपोआप गळून पडतात.

चारास तीनसाठी बारा आकडे लागतात. चार ठोक्यांचा हात एक, चार, सात, दहावर. तीन ठोक्यांचा एक, पाच, नऊवर. इथे चार-पाच आणि नऊ-दहा या दोन जोड्या अगदी चिकटून येतात आणि हात त्याच जागी एकमेकांत मिसळतात. म्हणून पूर्ण आवर्तन घोकण्याऐवजी आधी फक्त ‘सात, नऊ, दहा, एक’ एवढाच तुकडा काढा आणि तो वेगळा वाजवा. नंतर ‘एक, चार, पाच, सात’ हा तुकडा. दोन्ही स्वच्छ झाले की जोडा.

बोल म्हणायची सवय असेल तर आकड्यांऐवजी बोल वापरा, फक्त प्रत्येक बोल कोणत्या हाताचा आहे हे पक्कं ठेवा. आड लय (दीडपट लय) शिकलेल्यांना तीनास दोनचं अंग आधीपासून ओळखीचं असतं. तरीही हात आणि टाळी वेगळी असताना जे जमतं ते दोन हातांत विभागल्यावर जमेलच असं नाही, म्हणून सुरुवात मात्र पहिल्यापासून करा.

एकत्रित आकृती दिली की दोन हात किती पटकन वळतात हे प्रयोगांतही दिसलं आहे. फ्रान्झ मेक्सनर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये लोकांना टेबलाखालची दोन हँडल फिरवायला दिली. वर दोन झेंडे फिरताना दिसत होते आणि मधल्या गिअरमुळे हातांच्या आणि झेंड्यांच्या वेगांत फरक होता. लोकांनी फक्त झेंडे नीट जुळवून फिरवायचे होते. ते जुळवताना खाली हात चारास तीनच्या प्रमाणात फिरत होते, जे सांगून एरवी सहज जमत नाही. पुढे कोव्हाक्स, बुकॅनन आणि शे यांनी पडद्यावर एकच ठिपका दाखवला: एक हात त्याला आडवा सरकवतो, दुसरा उभा. दोन्ही मिळून जी आकृती काढायची ती पडद्यावर दिसत असताना लोकांनी अवघड प्रमाणं थोड्याच मिनिटांच्या सरावात साधली. पण पडद्याचा हा आधार काढून घेतला की बरीचशी कमाई ओसरते. म्हणून डोळ्यांसाठी केलेली अ‍ॅप आणि पडद्यावरच्या पट्ट्या सुरुवातीला खुशाल वापरा, पण त्याच बैठकीत काही आवर्तनं पडदा झाकून वाजवा. आकृती कानात उतरली नसेल तर लगेच कळेल.

वेग वाढला की कोलमडणं

हळू लयीत सगळं नीट आणि एका ठराविक वेगावर हमखास घोटाळा, अशी तक्रार असेल तर मेट्रोनोम बदलून पाहा. बहुतेक जण मेट्रोनोमचा ठोका एकाच हाताशी जुळवतात. मग तो हात मेट्रोनोमला धरून राहतो आणि दुसरा अधांतरी. त्याऐवजी मेट्रोनोम दुप्पट करा, म्हणजे आळीपाळीनं पडणाऱ्या दोन्ही हातांना स्वतःचा एकेक ठोका मिळेल. दोन्ही टोकांना ठोका मिळाला तर विरुद्ध लय जास्त वेगापर्यंत टिकते, हे फिंक, फू, जिर्सा आणि केल्सो यांनी २००० साली दाखवलं होतं. ॲप एकाच आवाजाचं असेल तर दोन ठोक्यांना दोन वेगळे आवाज देता येतात का पाहा; उजव्याचा उंच, डाव्याचा खालचा असला की फरक लगेच जाणवतो.

आणि वेग वाढवताना डगमगीच्या हद्दीच्या थोडं अलीकडे थांबा. हद्दीच्या पलीकडे वाजवत राहिलात तर हात त्या वेगाला एकत्र पडायचाच सराव करतात. ‘पडत-झडत जमेल’ हे इथे लागू पडत नाही. जेवढं स्वच्छ तेवढंच वाजवा, दुसऱ्या दिवशी मेट्रोनोम दोन-तीन आकड्यांनी वर न्या, डगमग ऐकू आली की खाली आणा.

डावा मागे पडतोय? उजव्याकडे बघा

हा वेगळा बिघाड आहे आणि तो ओळखायला लोक फार उशीर लावतात. १९७९ मध्ये केल्सो, साउदर्ड आणि गुडमन यांनी लोकांना दोन्ही हात एकाच वेळी दोन लक्ष्यांवर न्यायला सांगितलं. एक लक्ष्य जवळचं आणि मोठं, दुसरं लांबचं आणि लहान. सोप्या लक्ष्याकडे जाणाऱ्या हाताला लवकर पोचता आलं असतं, पण दोन्ही हात जवळपास एकाच वेळी पोचले. सोपं काम असलेला हात मंदावला.

पियानोवर उजव्या हाताला लांबची उडी असते आणि त्याच जागी डाव्या हाताचा साधा ठेका रेंगाळतो, तो याच कारणानं. ड्रमवर एका हाताला लांबच्या झांजेपर्यंत जावं लागतं आणि दुसऱ्या हाताचा ठोका लटकतो. तुम्ही डाव्याला दोष देत बसता आणि डाव्याचाच सराव करता, पण अडचण उजव्याच्या प्रवासात असते. उपाय उजव्याचा: उडी आधी कोरडी काढा, हात लक्ष्याच्या जागी वेळेआधी नेऊन ठेवा, वाद्याचे भाग जवळ आणता येत असतील तर आणा. प्रवास सोपा झाला की डावा आपोआप जागेवर येतो. दर वेळी जिथे लय घसरते ती मात्रा शोधा आणि त्या क्षणी दुसरा हात काय करतोय ते पाहा. हा एक प्रश्न विचारायची सवय लागली तर बराच रियाज वाचेल.

आकाराची आणि जोराची ओढ

एका हातानं वर्तुळ आणि दुसऱ्यानं सरळ रेषा काढून पाहा. थोड्याच वेळात वर्तुळ चपटं होतं आणि रेषा फुगते. एलिझाबेथ फ्रान्झ आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे मोजलं. १९९६ मध्ये त्यांनी कॉर्पस कॅलोसम शस्त्रक्रियेनं छेदलेल्या रुग्णांना दोन हातांनी दोन वेगळे आकार काढायला दिले. त्यांच्या आकारांत भेसळ झाली नाही, हातांची वेळ मात्र जुळलेलीच राहिली. याचा अर्थ आकाराची ओढ आणि वेळेची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठोके वेळेवर पडतायत पण हालचाल दुसऱ्या हातासारखी मोठी किंवा तिरकी होतेय, तर मेट्रोनोम लावून काहीही साधणार नाही.

आकाराच्या ओढीवर चांगला उपाय म्हणजे हाताला वर्णन देण्याऐवजी जागा देणे. ‘डावा लहान, उजवा मोठा’ असं मनात म्हणत राहिलात की दोन सूचना आपसांत भांडतात. पोचायची जागा थेट समोर दाखवली तर हे भांडण जवळजवळ मिटतं, असं डिड्रिक्सन आणि सहकाऱ्यांना २००१ मध्ये दिसलं. म्हणून वाद्यावर खडूची खूण करा, पट्टीवर छोटा चिकटपट्टीचा तुकडा लावा, आणि हाताला फक्त ‘इथे’ एवढंच सांगा.

जोराच्या ओढीसाठी आवाजाकडे लक्ष देऊन उपयोग कमी होतो, उंचीकडे द्या. ठोक्याचा आवाज बराचसा हात किती उंचीवरून येतो यावर ठरतो. हलक्या हाताला छत घाला: दोन-तीन सेंटिमीटरच्या वर उठायचंच नाही. दुसरा हात हवा तेवढा वर जाऊ द्या. सुरुवातीला हलक्या हातानं आवाजही काढू नका, फक्त स्पर्श. जोरदार हाताचं काम पूर्ण आवाजात चालू असताना हा स्पर्श न बिघडता चालला की मग हळूहळू आवाज आणा. आरशासमोर किंवा व्हिडिओत उंची तपासा, कारण हलका हात वर चढतोय हे वाजवताना जाणवत नाही.

भात्याचा हात

पेटीवाल्यांचा त्रास मी मुद्दाम वेगळा काढतोय, कारण त्यावर तीनास दोनचे हिशेब लावून काही होत नाही. इथे एका हाताचं काम सुट्या ठोक्यांचं आहे आणि दुसऱ्याचं सलग. भात्यानं ताल धरायचाच नसतो. तरी तो धरतो, कारण बोटांचे ठोके त्याला ओढतात, आणि मग स्वरात हेलकावे येतात.

आधी एकच स्वर लांब धरा आणि आवाज जराही वर-खाली न होता भाता चालवा. आतल्या भात्यात हवा पुरेशी भरलेली राहिली तर प्रत्येक स्वरासाठी धक्का द्यायची गरज पडत नाही. पुष्कळांचा हिसका हा मुळात हवा कमी पडल्यामुळे लागलेल्या सवयीचा असतो. मग उजव्या हातानं तोच स्वर धरून ठेवत दुसऱ्या बोटानं एकच स्वर अधूनमधून, मुद्दाम बेताल वेळी, दाबा. लय नसेल तर भात्याला धरायला काही मिळत नाही. हे स्थिर झाल्यावर संथ अलंकार, आणि दर अलंकारात भात्याची फेरी वेगळ्या स्वरावर सुरू करा. भात्याची फेरी आणि स्वरांची जोडी कायम एकाच जागी जुळत राहिली तर ती तिथेच घट्ट होते. जलद तान सगळ्यात शेवटी. धरलेल्या स्वराच्या रेकॉर्डिंगमध्ये हेलकावे आले तर पुन्हा एक पायरी मागे या.

गातागाता गिटार किंवा पेटी वाजवणाऱ्यांचा हात शब्दांच्या वजनावर ओढला जातो, तेही याच जातीचं दुखणं. शब्दांऐवजी आधी नुसत्या ‘आ’कारात गाऊन पाहा, मग शब्द घाला.

पाय मधे आला तर

एकाच बाजूचे हात आणि पाय एकाच दिशेला जायला बघतात. खुर्चीत बसून उजवा पाय घड्याळाच्या दिशेनं फिरवा आणि उजवा हात उलट्या दिशेनं फिरवायचा प्रयत्न करा, म्हणजे कळेल. उजवा पाय आणि डावा हात यांना हेच बरंच सोपं जातं. त्यामुळे ड्रमवर पायाचा ठोका बिघडत असेल तर त्याच बाजूच्या हाताची दिशा आधी तपासा. बाकी उपाय वेळेच्या ओढीचेच.

जमलेलं परत का बिघडतं

आळीपाळीनं किंवा तीनास दोन पडायची नवी पद्धत बसली तरी एकत्र पडायची जुनी ओढ नाहीशी होत नाही. झानोने आणि केल्सो यांनी १९९२ मध्ये लोकांना पाव फेरीच्या अंतरानं (एक बोट दुसऱ्याच्या पाव फेरी मागे) बोटं हलवायला शिकवली, तेव्हा शिकलेली पद्धत मूळच्या ओढींच्या बरोबरीनं नवी स्थिर जागा म्हणून तयार झाली. शिकल्यानंतर आधीच्या काही पद्धतींची स्थिरताही बदललेली दिसली. त्यामुळे दमलात, घाईत असाल, किंवा चार लोकांसमोर लय नकळत चढली, तर हात जुन्या जागी घसरणं अपेक्षितच आहे.

म्हणून घसरल्यावर काय करायचं याचाही रियाज हवा. मुद्दाम दोन्ही हात एकत्र पाडा, दोन आवर्तनं तसेच ठेवा, आणि मग न थांबता पुढच्या समेपासून योग्य ओळीत या. बाहेर पडायची वाट माहीत असली की वाजवताना चूक झाली तरी घबराट होत नाही. बरेच लोक चूक होताच थांबतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. त्यामुळे सुरुवात उत्तम होते आणि सावरणं कधी शिकलंच जात नाही.

डावा हात एकटा तासन्‌तास वाजवणं मी सुचवत नाही. एका हाताच्या सरावाचा थोडा फायदा दुसऱ्या हातालाही मिळतो हे खरं आहे. येल विद्यापीठात स्क्रिप्चर यांनी १८९४ मध्येच ते नोंदवलं होतं. पण त्यातून ताकद आणि नेमकेपणा मिळतो, दोन हातांतला वेळेचा संबंध मिळत नाही. तो फक्त दोन्ही हात एकत्र वाजवून मिळतो.

हा रियाजाचा प्रश्न नसेल तर

लहान मुलांमध्ये एका हातानं काम करताना दुसरा हात आरशासारखा हलणं सामान्य आहे. साधारण दहाव्या वर्षापर्यंत ते कमी होत जातं, त्यामुळे सात वर्षांच्या मुलाच्या हाताला ‘स्वतंत्र चाल’ म्हणून रागावू नका. मोठेपणीही लिहिताना, बटण लावताना दुसरा हात ठळकपणे तीच हालचाल करत असेल आणि लहानपणापासून तसंच असेल, तर जन्मजात आरसा-हालचाल ही स्थिती असू शकते. तिच्यातल्या काही कुटुंबांत डीसीसी या जनुकातला बदल २०१० मध्ये सापडला. अशा माणसाला वर दिलेल्या उपायांनी फारसं साधणार नाही आणि त्याचा दोष त्याच्या मेहनतीवर येता कामा नये.

पूर्वी नसलेली आरसा-हालचाल नव्यानं सुरू झाली, एक हात अचानक अनाडी किंवा कमजोर वाटू लागला, स्थिर हाताला कंप सुटू लागला, किंवा एक हात वाजवताना दुसरा ताठ होऊ लागला, तर रियाज थांबवा आणि न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. तपासणीत ते तुम्हाला एका हातानं ठरलेल्या लयीत टिचक्या मारायला सांगून दुसऱ्या हाताचा कंप पाहतील. कार्यात्मक प्रकारचा कंप (मेंदूच्या रचनेत बिघाड नसताना होणारा) टिचक्यांच्या लयीत ओढला जातो किंवा मधेच थांबतो. पार्किन्सनचा कंप सहसा स्वतःच्याच लयीत चालू राहतो. ताठरपणा तपासताना एका हाताची मूठ उघड-मीट करायला सांगून दुसरं मनगट हलवून पाहतात, कारण एक हात चालू असताना दुसऱ्यातला दडलेला ताठरपणा वर येतो. जाताना एकेका हाताचं आणि दोन्ही हातांचं एकत्र असे व्हिडिओ फोनवर घेऊन जा. दवाखान्यात नेमका तो क्षण दाखवता येईलच असं नाही.